दिव्याची वायर

माझ्या नोकरीचा हुकूम आला त्या दिवशी आबांनी तो दोनदा वाचला, घडी घालून माझ्या हातात परत दिला आणि विचारलं, "उस्मानाबादहून सगळी दप्तरं लातूरला आली का रे? की जुनी तिथंच राहिली?"

अभिनंदन नाही, पगार किती ते नाही, थेट दप्तरं. मला हसू आलं. माझी नेमणूक लातूरला होती आणि तो जिल्हा नुकताच झाला होता. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्यांचा रंग वाळायचा होता आणि जुन्या जिल्ह्यातून कागदांचे गठ्ठे ट्रकनं येऊन व्हरांड्यात पडत होते.

"कुठली दप्तरं, आबा?"

"सगळीच. महसूलची, पोलिसांची," असं म्हणून ते उठले आणि अंगणात जाऊन उभे राहिले. बराच वेळ उभे होते.

आबा निवृत्त शिक्षक. आम्ही कंधारला राहायचो. पण त्याआधी, मी हदगावला मामाच्या घरी शिकायला होतो तेव्हा, ते चाकूरकडच्या एका खेड्यात शाळेवर होते. मोठ्या दुष्काळाच्या साली त्यांनी एकाएकी बदली मागितली आणि जिल्हा ओलांडून नांदेडकडे आले. त्यासाठी नोकरीतली ज्येष्ठता सोडावी लागली, तीही त्यांनी सोडली. का, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात आबांना का म्हणून विचारायची पद्धत नव्हती.

माझं काम हातपंपांचं. पुन्हा दुष्काळ पडला होता, मागच्याएवढा नव्हे, पण विहिरींचे तळ दिसायला लागले होते आणि गावोगाव बोअर मारून त्यांवर पंप बसवणं चाललं होतं. बसवलेले पंप बिघडत. मी जाऊन बघायचं, काय तुटलं ते लिहायचं, जमलं तर तिथंच दुरुस्त करायचं, नाहीतर पथकाला कळवायचं. माझ्याकडे चाळीसेक गावं दिली होती. जीप एकच, ती साहेबांकडे. एसटी मोठ्या रस्त्यावर सोडणार, पुढं पाय. तेव्हा माझ्या मनात आलं, आपल्या घरी फटफटी पडलीय की.

ती आमच्या परसात पत्र्याखाली होती. ताडपत्री घातलेली, वरून सुतळी, आणि सुतळीला एवढ्या गाठी की सोडायच्या म्हटलं तर विळीच हवी. निजामाच्या फौजेतली विलायती गाडी. पोलीस ॲक्शननंतर कुणा जहागीरदाराच्या माणसानं लिलावात घेतली आणि त्याच्याकडून पुढं आबांनी. आमच्या वस्तीतला पहिला मॅट्रिक पास माणूस फटफटीवर बसून शाळेत जातो, हे बघायला लोक वेशीत उभे राहत, असं माय सांगायची. नांदेडकडं आल्यापासून मात्र आबा सायकलच वापरत. गाडी मोडली असेल, असं मी धरून चाललो होतो.

मी गाडी मागितली तेव्हा माय चुलीपुढं होती. आबा जेवत होते. हातातला घास त्यांनी ताटात ठेवला.

"ने," ते म्हणाले. "इंजिन खोल, ब्रेक बघ, टायर टाक. दिव्याचं काम करू नकोस."

"दिव्याचं का नको?"

"दिवसा जा, दिवसा ये."

"आबा, पंपावर कधी उशीर होतो. खेड्यातला रस्ता, अंधार पडला तर..."

"अंधार पडायच्या आत घरी यायचं," ते म्हणाले, वर्गात पोराला दटावायचे त्या आवाजात. "त्या गाडीला बॅटरी लागत नाही. बिनदिव्याची चालते. तशीच चालव."

मायची भाकरी तव्यावर करपली. तिनं ती उलटली नाही, माझ्याकडं बघत राहिली. मी बघितलं तशी तिनं मान खाली घातली.

बिनदिव्याची गाडी घेऊन मी नोकरी करणार नव्हतो. इंजिन कंधारच्याच एका मेकॅनिककडून सुरू करून घेतलं. त्यानं दिव्याच्या डोक्याचा स्क्रू काढून आत डोकावलं आणि परत लावून टाकला. म्हणाला, "हे आपलं काम न्हाई. नांदेडला जा. जुन्या गाड्यांच्या वायरिंगचा एकच माणूस हाय तिथं."

मी आबांना न सांगता गाडी टेम्पोत टाकून नांदेडला नेली.

तो माणूस म्हणजे सत्तरीकडं झुकलेले एक चाचा. जुन्या गावात, मशिदीच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान. तरुणपणी हैदराबादेत फौजेच्या वर्कशॉपमध्ये काम केलेलं. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. गाडी दारात उतरवली तेव्हा त्यांनी नुसता टाकीवरून हात फिरवला.

"तीन रोज लागतील बेटा," ते म्हणाले. "घाई असेल तर दुसऱ्याकडं जा. वायरिंगमध्ये घाई केली की ती रस्त्यात हिशेब मागते."

मला चार दिवसांची रजा होती. मी तिथंच बसलो. हत्यारं देत होतो, वायरीचं टोक धरत होतो. नांदेडलाही तेव्हा पाण्याचे हाल होते. गोदावरीच्या पात्रात खड्डे खणून बाया पाणी भरत होत्या. दुपारी नमाजाची वेळ झाली की चाचा वजूसाठी पाणी वापरत नसत. कोरड्या मातीवर तळवे ठेवून तोंडावरून, हातांवरून फिरवत. "पाणी नसेल तर मातीची मुभा हाय," ते म्हणाले. "पिण्याच्या पाण्यानं पाक होऊन काय करायचं?"

पहिला दिवस नुसता बघण्यात गेला. सीट निघाली, टाकी निघाली, दिव्याचं डोकं उघडलं. जुन्या वायरी कापडी वेष्टणाच्या. बोट लावलं की कापडाचा भुगा होऊन खाली पडायचा. मागच्या दिव्याकडची वायर उंदरांनी खाल्ली होती. चाचांनी कॅलेंडरच्या पानामागं सगळा नकाशा काढला. कुठली वायर डायनॅमोवरून येते, कुठली बॅटरीला, कुठली अँपिअरच्या काट्याला. "हिचं सगळं उलटं असतंय," ते मला समजावत होते. "आजच्या गाडीत मायनस अंगाला, हिच्यात प्लस. ज्याला ठाऊक न्हाई तो जोडतो आणि जाळून टाकतो."

जुनी वायर ते ओढून काढत नव्हते. तिच्या टोकाला नवी बांधायचे आणि मग हळूहळू ओढायचे, म्हणजे नवी वायर जुनीच्याच वाटेनं आत जायची. सांध्याला कथील लावताना श्वास रोखून धरायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते दिव्याच्या डोक्याशी आले आणि थांबले. दोन बोटांत एक वायर धरून उजेडाकडं नेली. मग दुसरं टोक शोधून तेही बघितलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"वालिदसाहेबांनी काय सांगितलं होतं? दिवा कशानं गेला?"

"काही सांगितलं नाही. जळला असेल."

"इकडं ये."

मी वाकलो. दिव्याकडं जाणाऱ्या जाड वायरीची दोन टोकं होती. दोन्ही काळी.

"वायर आतून जळते," चाचा म्हणाले. "करंट वाढला की आधी तांबं तापतं, काळं पडतं, मग कापड. हिच्यात बघ." त्यांनी नखानं काजळी खरवडली. खाली तांबं लखलखीत होतं. "तांब्याला काही झालेलं न्हाई. कापड बाहेरून जळालंय. आणि हे टोक बघ, सपाट. पकडीनं तोडलंय. आधी तोडली, मग काडी लावली."

"म्हणजे?"

"म्हणजे ही वायर जळलेली न्हाई बेटा. जाळलेली हाय." त्यांनी बल्ब काढून बॅटरीला लावून दाखवला. पिवळा, स्वच्छ पेटला. डायनॅमोही ठीक होता. मग ते खाली बसले आणि डाव्या बाजूच्या पाय ठेवायच्या दांड्याला त्यांनी हात लावला. तो मागं वाकलेला होता. मी तो दहा वेळा बघितला होता, गाडी कधी पडली असेल म्हणून सोडून दिलं होतं.

"गाडी पडल्यावर दांडा वर वाकतो," चाचा म्हणाले. "हा मागं वाकलाय." मग त्यांनी विचारलं, "ठेवली कधी गाडी?"

"मोठ्या दुष्काळात."

"हं." त्यांनी हातातली पकड खाली ठेवली. "मी म्हातारा माणूस. सांगतो ते ऐक. दिवा जोडून देतो. पण घरी जाऊन विचारू नकोस. विचारलंस तर मग ऐकावं लागंल."

त्या रात्री मी दुकानाच्या फळीवर झोपलो, म्हणजे पडून राहिलो. आबांनी विचारलेलं दप्तरांचं सारखं आठवत होतं. पोलिसांची, असं ते म्हणाले होते.

तिसऱ्या दिवशी काम झालं. चाचांनी बटण फिरवलं, अँपिअरचा काटा थरथरून एका बाजूला गेला आणि गल्लीतल्या भिंतीवर उजेडाचा गोल पडला. मला आनंद व्हायला हवा होता. चाचांनी "खुदा हाफिज" म्हणताना माझा हात नेहमीपेक्षा जास्त वेळ धरून ठेवला.

नांदेडहून निघायला मी मुद्दाम उशीर केला, हे आता कबूल करतो. दिवसा पोचलो असतो तर दिवा लावायचं कारण उरलं नसतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं भेगाळून पडली होती. लोह्याच्या पुढं एका मेलेल्या बैलाभोवती गिधाडं बसली होती, गाडीच्या आवाजानंही उठली नाहीत. कंधारच्या किल्ल्याची भिंत दिसायला लागली तेव्हा दिवेलागण झाली होती. मी बटण फिरवलं.

आबा ओट्यावर बसले होते. त्यांना आवाज गल्लीच्या तोंडापासूनच ऐकू आला असणार, कारण मी वळलो तेव्हा ते आधीच उभे होते. उजेड त्यांच्या अंगावर पडला. त्यांनी दोन्ही हात तोंडापुढं धरले आणि मागं सरकत भिंतीला टेकले.

"बंद कर," ते म्हणाले. "बंद कर ते."

गडबडीत माझ्या हातून इंजिन बंद पडलं. दिवा जळतच राहिला, बॅटरी नवी होती. मी बटण शोधेपर्यंत आबा भिंतीला घासत खाली बसले होते. माय धावत आली, तिनं आधी गल्लीकडं बघितलं, मग आबांना दंड धरून आत नेलं आणि मी आत आल्यावर दार लावून घेतलं.

"कशाला केलंस रे?" ती मला म्हणाली. "एवढं सांगितलं होतं."

"वायर कुणी तोडली, माय?"

ती खिडकी लावून घ्यायला गेली.

"नांदेडच्या चाचांनी दाखवली मला. पकडीनं तोडून काडी लावलीय."

"मी लावली काडी," माय म्हणाली. "त्यांनी तोडली. मी काडी धरली."

आबा खाटेवर बसले होते. त्यांनी मान वर केली. "तिला मध्ये घेऊ नकोस," ते म्हणाले. "मी सांगतो."

त्यांनी जे सांगितलं ते सरळ सांगितलं, एखादा धडा वाचावा तसं.

मोठ्या दुष्काळाचं साल. शाळेतल्या पोरांना सरकारी पूरक आहाराची सुकडी वाटायची होती. तिचं पोतं अहमदपूरहून आणायला आबा फटफटीवर गेले होते. परतताना दिवस बुडाला. त्या दिवसांत धान्याचे ट्रक अडवून लुटतात, अशा बातम्या रोज होत्या. गावाच्या अलीकडं नाल्याजवळ दुष्काळी काम चालू होतं, खडी फोडायचं. तिथं वळणावर रस्त्यात सहा-सात माणसं उभी होती. हात वर केलेले. एकाच्या हातात टिकाव होता.

"मला वाटलं, पोत्यासाठी थांबवतायत," आबा म्हणाले. "मी गाडीचा कान पिळला, वेग वाढवला."

"दिसली नाहीत का नीट?"

"दिसली. दिवा चालू होता. चांगला चालू होता. सगळे बाजूला झाले. एक झाला नाही. तो दोन्ही हात पसरून उभाच राहिला. मी गाडी उजवीकडं घेतली तरी दांडा लागला. आवाज ऐकला मी. शंभर पावलांवर गाडी हळू केली, मागं बघितलं. रस्त्याच्या कडेला कंदील होता, त्याच्या उजेडात बाज दिसली. बाजेवर कुणीतरी होतं. ते सगळं दिसूनसुद्धा मी गेलो."

दुसऱ्या दिवशी शाळेत पोरांनीच सांगितलं. बाजेवर बाई होती. दोन दिवस अडलेली. ते लोक दवाखान्यात न्यायला मिळेल ती गाडी थांबवत होते. फटफटीवर बाज जात नाही, पण फटफटीवाला पुढं जाऊन जीप तरी पाठवील, एवढीच त्यांची आशा. पुढं कुठलीच गाडी आली नाही. पहाटे बाई गेली, पोटातलं पोरही गेलं. जो आडवा उभा राहिला तो तिचा नवरा. त्याची मांडी मोडली होती.

"ती आपलीच वस्ती होती," आबा म्हणाले. "दर रविवारी मी तिथं बुद्धवंदना घ्यायला जायचो. त्यांची पोरं माझ्याकडं शिकत होती. आपल्याच माणसांना मी लुटारू समजलो."

त्या संध्याकाळी आबांनी वायर तोडली आणि मायनं काडी लावली. पोलीस आले तर सांगायचं, दिवा गेला होता, अंधारात दिसलं नाही. पोलीस आले नाहीत. आठवडा गेला, महिना गेला. समोर त्याच वस्तीतली पोरं बसायची आणि आबा त्यांना शिकवायचे. मग बदली झाली.

"कुणी तक्रारच केली नाही?"

"माहीत नाही. केली असेल तर कागद उस्मानाबादेत असेल. मी रोज वाट बघितली. अजून बघतो."

मी जेवलो नाही. सकाळी गाडी घेऊन लातूरला गेलो आणि परत कामावर हजर झालो. माझ्या चाळीस गावांच्या यादीत ते गाव सतराव्या ओळीवर होतं.

दोन महिने मी त्या गावाला गेलो नाही. आजूबाजूची सगळी गावं केली. तिकडची तक्रार आली की पथकाला पाठवायचो. फेब्रुवारी सरला, ऊन वाढलं, एकेक बोअर कोरडा पडायला लागला. प्रत्येक गावात पंपाभोवती घागरींची रांग आणि बायांची भांडणं. मी गाडी लावली की लोक आधी गाडीकडं बघत, मग माझ्याकडं. चाकूरच्या बाजूला तर एक म्हातारा गाडीभोवती फिरून गेला. तेव्हापासून मी गाडी गावाबाहेर लावून चालत जायला लागलो.

मार्चच्या शेवटी साहेबांनी बोलावलं. सतराव्या ओळीवरच्या गावातला, वस्तीतला पंप तीनदा दुरुस्त होऊन तीनदा बंद पडला होता. "तू स्वतः जा," ते म्हणाले.

मी गेलो. या वेळी गाडी बाहेर लावली नाही. का, ते मला अजूनही नीट सांगता येणार नाही.

पंपापाशी दहा-बारा बाया होत्या. गाडीचा आवाज आला तशा त्या गप्प झाल्या. पंपाच्या ओट्यावर एक माणूस बसला होता, पन्नाशीचा असावा, एक पाय सरळ पुढं पसरलेला. शेजारी काठी. पंपाची देखभाल गावानं त्याच्याकडं दिली होती. मी पंप खोलला, तो मला पाना देत होता. बराच वेळ आम्ही पाइप, साखळी, वायसर एवढंच बोललो.

मग तो म्हणाला, "गाडी गुरुजींची हाय."

माझ्या हातातला नट खाली पडला.

"तुमी त्यांचं कोन?"

"मुलगा."

त्यानं मान हलवली. बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. एक म्हातारी घागर उचलून निघून गेली.

"तुम्हाला... माहीत होतं?" मी विचारलं.

"न्हाई कसं म्हाईत? ह्या पट्ट्यात फटफटी एकच होती, सायब. आवाज आला तवाच आमी म्हनलो, गुरुजी आले, आता थांबतेल. म्हनून तर मी बाजूला झालो न्हाई. दुसरं कुनी असतं तर झालो असतो."

उन्हानं पंपाचं लोखंड एवढं तापलं होतं की हात ठेववत नव्हता. तरी मी हात काढला नाही.

"तक्रार का केली नाहीत?"

"करनार होतो. वस्ती बसली रात्री. म्हाताऱ्या बाया म्हनल्या, मास्तर नेला तर शाळा बंद पडंल. ह्या गावाला दुसरा मास्तर कोन येतंय? आन् शाळा बंद तर सुकडी बंद. सत्तर पोरं होती सायब, घरी चूल पेटत नव्हती. आन् आमाला वाटलं गुरुजी येतील. आज येतील, उद्या येतील. रविवारी तर येतीलच. मांडीला फळ्या बांधून मी दारातच पडून होतो. रोज शाळंची घंटा ऐकू यायची. आले न्हाईत."

मला माफी मागता आली नाही. ती माझी नव्हतीच. पंपाच्या खालच्या पाइपला भेग होती, तिथून हवा शिरत होती. तीन वेळा आलेल्या पथकानं वरवरचंच बदललं होतं. मी पाइप बदलला. पाणी आलं, गढूळ, पण आलं.

त्या शनिवारी कंधारला जाऊन मी सगळं सांगितलं. आबांच्या चेहऱ्यावर मी कधी न बघितलेलं काहीतरी आलं. मला वाटलं होतं, पोलीस येणार नाहीत हे कळल्यावर त्यांना हलकं वाटेल. उलटं झालं. "त्यांना माहीत होतं," एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. "सगळ्यांना माहीत होतं. मी शिकवत होतो आणि पोरांनासुद्धा माहीत होतं." मग म्हणाले, "मला ने."

मायनं त्यांना धोतर काढून दिलं. "मी बी येते," ती म्हणाली. आबा नको म्हणाले. ती दारात उभी राहिली, आम्ही वळणावर दिसेनासे होईपर्यंत.

आबा मागं बसले होते. माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात सगळ्या वाटेनं थंड होता, तेवढ्या उन्हात. नाल्याजवळच्या वळणावर तो एकदम आवळला गेला. मी गाडी हळू केली. "थांबू नको," ते म्हणाले. "आता थांबू नको. थांबलास तर मी पुढं जाणार नाही."

वस्तीत आम्ही पोचलो तेव्हा चार वाजले असतील. तो माणूस त्याच्या घरापुढं सावलीत बसला होता. आबा त्याच्यापुढं जाऊन उभे राहिले. मी मागं, गाडीजवळ. दारं एकेक करून उघडली, लोक जमले. एरवी आमच्याकडं दारात आलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी देतात, कितीही दुष्काळ असो. कुणी पाणी आणलं नाही.

आबा हात जोडून उभे होते. त्यांनी काहीतरी बोलायला सुरुवात केली, पण त्या माणसानं हात वर करून थांबवलं.

"गुरुजी, एकच इचारायचं हाय. बारा वर्सं झाली, लोक मला म्हनतेत, आरं, अंधार होता, गुरुजींला तू दिसला नसशील. दिवा गेला आसंल. मी म्हनतो, न्हाई, उजेड माझ्या तोंडावर होता. माझं कुनी ऐकत न्हाई. तुमी सांगा. दिवा होता का न्हवता?"

सगळी वस्ती आबांकडं बघत होती. मी त्यांची पाठ बघत होतो. एक शब्द पुरला असता. बारा वर्षांपूर्वी जो शब्द तयार करून ठेवला होता तोच. आणि लोकही, मला वाटतं, तोच ऐकायला तयार होते. कुणाचाच त्यात तोटा नव्हता, फक्त त्या एका माणसाचा होता.

"होता," आबा म्हणाले. "तुझं तोंड मला दिसलं होतं. मी तुला ओळखलंही होतं."

हे ओळखल्याचं त्यांनी आम्हाला घरी सांगितलं नव्हतं.

तो माणूस काठीवर भार देऊन उठला. मला वाटलं, आता तो मारणार. आबांनाही तसंच वाटलं असावं, ते हलले नाहीत. तो जमलेल्या लोकांकडं वळला आणि म्हणाला, "ऐकलं?" मग लंगडत घरात गेला. आतून कडी लावल्याचा आवाज आला.

आम्ही परत फिरलो. आबा नंतर त्या गावाला गेले नाहीत. त्यांना जायचं होतं, पण त्या माणसाला ते नको होते, हे मला वस्तीतल्या लोकांकडून कळलं होतं. पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. त्याच हिवाळ्यात आबा झोपेतच गेले. शेवटचे काही महिने ते दारात बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला स्वतःहून हाक मारत. पूर्वी कधी मारत नसत. मायला ते आवडायचं नाही. ती आतूनच म्हणायची, "कशाला बोलावून राहिलात लोकाला?"

त्या पंपावर मी पुढं सहा वर्षं जात होतो. तो माणूस आणि मी, आम्ही वायसर आणि साखळीशिवाय काही बोललो नाही. एकदाच, आबांना जाऊन वर्ष झालं असेल, त्यानं विचारलं, "गुरुजी बरे हायत का?"

"गेले," मी म्हटलं.

पंपाचा दांडा सैल झाला होता, वर-खाली होत होता. त्यानं तो दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला, आणि मी खाली वाकून नट आवळला.